अग्रशाळेतील सहा रात्री

आमच्या घरात गेले आठ दिवस एक विलक्षण शांतता नांदत आहे. दूरदर्शन संच बंद आहे, स्वयंपाकघरातील मिक्सर दार लोटून घेतल्यावाचून फिरत नाही, आणि परसात नारळ सोलणाऱ्या गड्यासही हलक्या हाताने काम करण्याची सूचना मिळालेली आहे. नातीची पदवी परीक्षा सुरू आहे. हा सारा बंदोबस्त तिने मागितलेला नाही. तो तिच्या आजीने बसविला आहे. नात स्वतः कानांत पांढऱ्या गोळ्या घालून गाणी ऐकत वाचते, त्यामुळे घरात प्रत्यक्ष नगारा वाजला तरी तिचे काही अडण्यासारखे नाही.

परंतु तिच्या मनाची भरतीओहोटी मात्र आम्ही रोज पाहत आहो. सकाळी तिला सारे येत असते, दुपारी तिला काहीच येत नसते, आणि रात्री ते येण्यात किंवा न येण्यात कसलाही अर्थ नाही अशा विरक्तीस ती पोहोचलेली असते. परवा जेवताना कशावरून तरी तिला हसू फुटले ते आवरेना. त्यानंतर तासाभराने चहाच्या वेळी ती डोळे पुसत बसली होती. आजी घाबरली. आम्ही घाबरलो नाही. हे हवामान आमच्या चांगल्या परिचयाचे आहे.

गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाले आणि पुढच्याच वर्षी पणजीस आणि मडगावास कॉलेजे निघाली. त्यापूर्वी ज्यास पदवी हवी त्याने बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई यांची वाट धरावयाची, आणि ज्याच्या घरी तेवढे बळ नाही त्याने लिसेव संपवून कुठेतरी चिकटावयाचे, असा शिरस्ता होता. आमचे थोरले बंधू दुसऱ्या वर्गातले. ते लोहखनिजाच्या खाणीवर ट्रकांच्या खेपा मोजण्याचे काम करीत आणि त्या खेपांतून आमची फी निघे. वडील देवस्थानच्या कचेरीत हिशेब लिहीत. आम्ही नापास झालो तर आणखी एक वर्ष शिकविण्याचे सामर्थ्य घरात नाही, ही गोष्ट कोणी कधी बोलून दाखविली नव्हती. ती सर्वांस माहीत होती, एवढेच.

गोव्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९८५ साली. आमच्या वेळी आम्ही सारे मुंबई विद्यापीठाचे. ज्याने कधी मांडवी पाहिली नाही असा कोणी परीक्षक आमच्या दोन वर्षांच्या श्रमांचे मोल ठरविणार, या कल्पनेनेच आमच्या पोटात गोळा उठे. ओळखीचे मास्तर असते तर आमचे अक्षर पाहून तरी त्यांना दया आली असती.

बी.ए.ची ती परीक्षा १९६८ च्या एप्रिलातली. घरी पाहुण्यांची वर्दळ होती म्हणून आम्ही तिघांनी गावच्या देवळाच्या अग्रशाळेत एक खोली मिळविली. फोंडे महालातील देवळे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस अग्रशाळा म्हणजे काय हे सांगावयास नको. लांबून येणाऱ्या कुळाव्यांसाठी बांधलेल्या त्या ओळीतील खोल्या जत्रेत माणसांनी फुललेल्या असतात आणि एरवी वटवाघळांच्या. आमच्या खोलीत तीन चटया, एक कंदील, एक मातीचा घडा आणि भिंतीत एक कोनाडा, एवढा संसार होता. खिडकीतून तळी दिसे. तळीपलीकडे कुळागर. त्या दिवसांत सगळ्या आसमंतात काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड दर्प भरून राहिलेला असतो. आजही तो नाकात शिरला की आम्हांस प्रथम काजू आठवत नाहीत, करांचा भार अखेर कोणावर पडतो हा प्रश्न आठवतो.

आमच्या सोबत्यांपैकी एक भटांच्या घरातला. त्याला आम्ही शास्त्रीबुवा म्हणत असू. दुसरा काणकोणचा, म्हणून काणकोणकर. हा विधवेचा मुलगा. पणजीत एका माडीवर भाड्याची खोली घेऊन राहत होता, पण एप्रिलचे भाडे देणे जमेना म्हणून मार्चअखेरीस त्याने ट्रंक उचलली. त्याचे कुलदैवत आमच्या गावचे. कुळाव्यास अग्रशाळा नाकारता येत नाही, या न्यायाने तो आमच्यात आला. येताना आईने दिलेली एक बरणीभर तोरांची आणि एक शेर उकडे तांदूळ त्याने आणले होते, आणि पहिल्याच रात्री ते सारे त्याने मध्यभागी ठेवले.

त्या खोलीत राजकारणास बंदी होती हे येथे सांगितले पाहिजे. वर्षापूर्वी, १९६७ च्या जानेवारीत, जनमत कौल झाला होता. शास्त्रीबुवा फुलाचे, काणकोणकर दोन पानांचे. दोघे महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. आता तेच दोघे एका कंदिलाच्या उजेडात एका पुस्तकावर डोकी टेकवून रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत पाठ करीत होते. जे कार्य पुढाऱ्यांस साधले नाही ते मुंबई विद्यापीठाने साधले.

सोमवार ते शनिवार सहा दिवस, रोज एक पेपर, तीन तासांचा. पहाटे देवळात सनई सुरू झाली की उठावयाचे, तळीवर अंग धुवावयाचे, घरून धाकटी बहीण पेजेचे भांडे घेऊन येई ती पेज घ्यावयाची, आणि सातची कारेर गाठावयाची. पहिल्या दिवशी आई स्वतः आली होती. हातावर दही घालताना म्हणाली, "पुता, भियेवं नाका." तिचाच हात कापत होता.

त्या बसच्या प्रवासाचे वर्णन केल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. फर्मागुडीचा गणपती, मार्दोळची म्हाळसा, मग मंगेशी. एरवी ही दैवते आमच्या खिडकीवरून निघून जात तेव्हा आमच्या गप्पांत खंडसुद्धा पडत नसे. त्या आठवड्यात मात्र प्रत्येक वळणावर तीन डोकी एकदम लवत. बाणस्तारीची खाडी ओलांडून बस जुन्या गोव्यात आली की तेथे गोंयचो साएब. सोमवारी काणकोणकराने हळूच तिकडेही हात जोडले. शास्त्रीबुवांनी डोळे वटारले. बुधवारी शास्त्रीबुवांचेही हात जोडलेले आम्ही पाहिले, आणि गुरुवारी त्यांनी चपलासुद्धा काढल्या. पुढे रायबंदरचा तो सतराव्या शतकातला लांबच लांब बांध, एका बाजूस मांडवी आणि दुसऱ्या बाजूस मिठागरे. मिठाचे पांढरे ढीग उन्हात तळपत असत. तेथवर आले की कोणी बोलत नसे. पुस्तक उघडावे तर अक्षरे हलत, मिटावे तर आपण काहीच वाचलेले नाही असे वाटे.

सोमवारचा पेपर उत्तम गेला. इतका उत्तम, की परतताना आम्ही पहिल्या वर्गाच्या गोष्टी करू लागलो. शास्त्रीबुवांनी मामलेदारीचे स्वप्न पाहिले. आम्ही मुंबईस जाऊन एम.ए. करण्याचे ठरविले, काणकोणकर म्हणाला, आपल्याला कुठेतरी मास्तरकी मिळाली की आईला काणकोणहून आणीन. त्या रात्री आम्ही नऊ वाजताच निजलो. ही चूक होती. मंगळवारी प्रश्नपत्रिका हाती पडताच सगळी मामलेदारी मांडवीत वाहून गेली. ज्या तीन प्रश्नांवर आमची भिस्त होती त्यांतील एकही आला नव्हता. बाहेर येऊन उत्तरे ताडून पाहण्याचा जो वेडेपणा सर्व परीक्षार्थी करतात तो आम्हीही केला, आणि जे थोडे बरोबर लिहिले असे वाटत होते तेही चुकल्याचे निष्पन्न झाले. त्या रात्री कोणी जेवले नाही. बारा वाजता शास्त्रीबुवा उठून बसले आणि गंभीरपणे म्हणाले की पौरोहित्य हा काही वाईट व्यवसाय नव्हे. यावर प्रथम काणकोणकर हसला, मग आम्ही, मग शास्त्रीबुवा. आणि ते हसणे असे काही अंगात शिरले की देवळाचा राखणदार काठी घेऊन विचारावयास आला. चैत्राचे चांदणे तळीत पडलेले होते. इतके मनमोकळे हसणे आमच्या वाट्यास पुन्हा फार वेळा आलेले नाही.

पहाटे काणकोणकराच्या अंगात ताप होता.

त्याने बुधवारचा पेपर तापातच दिला. परत आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडला तो दिवेलागणीस उठला. गुरुवारी राजस्वाचा पेपर होता आणि त्याची त्या विषयाची एक ओळसुद्धा पुन्हा डोळ्यांखालून गेली नव्हती. पुस्तक जाडजूड. एका रात्रीत होणारे ते नव्हे.

आमच्यापाशी एक वही होती. मुंबईस शिकणाऱ्या आमच्या एका मावसभावाने तेथील एका प्राध्यापकांची टिपणे जांभळ्या शाईने उतरवून आम्हांस पाठविली होती. चाळीस पाने. सारा राजस्व त्यात मुरवून ठेवलेला. ही वही आमच्याकडे आहे हे दोघांनाही ठाऊक होते, कारण आम्हीच वर्षभर तिची प्रौढी मिरविली होती.

रात्री नवाच्या सुमारास शास्त्रीबुवा घरी जेवावयास गेले असताना काणकोणकर उठून बसला. अंगावर कांबळे होते. म्हणाला, "तुजी ती वही रातीची दिशी? सकाळीं परत दितां."

वही आमच्या चटईखाली होती. आम्ही म्हणालो, "घरा आसा."

आमचे घर तेथून दहा मिनिटांवर. तो म्हणाला, "हांव वचून हाडटां." आणि खरोखरच चपला शोधू लागला, अंगात ताप असताना. तेव्हा आम्ही दुसरे वाक्य उच्चारले. घरची माणसे एव्हाना निजली असतील, म्हणालो.

क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग "बरें, राव तर" म्हणून कंदिलाजवळ सरकला आणि ते जाड पुस्तक मांडीवर घेऊन वाचू लागला. आम्ही चटईवर आडवे झालो. वहीची कड पाठीस टोचत होती. ती उघडून वाचण्याची सोय आता आम्हांसही राहिली नव्हती.

'आम्ही' म्हणून लिहिण्याची आमची जुनी सवय येथे वाचकांची दिशाभूल करील. या गोष्टीत दुसरे कोणी नव्हते. वही आमची एकट्याची होती आणि वाक्येही आमची एकट्याची.

असे का केले, याचा विचार आम्ही पुढे पुष्कळ वेळा केला. विद्यापीठाच्या परीक्षेत जागा मोजक्या नसतात. काणकोणकर उत्तीर्ण झाल्याने आमचा एक गुणही कमी होणार नव्हता. त्याच्याविषयी आमच्या मनात आकस नव्हता. उलट तिघांत तोच आम्हांस अधिक जवळचा वाटे. त्याने आणलेली तोरे आम्ही त्याच संध्याकाळी पेजेशी खाल्ली होती. तरीही त्या क्षणी आम्हांस असे वाटले की ती वही दुसऱ्याच्या हाती गेली तर तिच्यातले सामर्थ्य ओसरेल. मंगळवारच्या फजितीनंतर ती चाळीस पाने हाच आमचा काय तो आधार उरला होता, आणि खाणीवरच्या धुळीत उभे असलेले थोरले बंधू आमच्या डोळ्यांपुढे होते. भय माणसाला कंजूष करते हे खरे. पण भय काणकोणकरासही होते आणि त्याने तांदूळ मध्यभागी ठेवले होते.

गुरुवारी पहाटे तो म्हणाला, पेपरास बसावे की नाही हे आपण देवास विचारणार. भटमाम पूजा आटोपून गाभाऱ्यात होते. त्यांनी आधी टाळाटाळ केली. परीक्षेसारख्या बाबतीत प्रसाद लावणे त्यांस पसंत नव्हते. मग त्या तापलेल्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीवर लावल्या आणि गाऱ्हाणे घातले. उजवी पडली तर बसावे, डावी पडली तर बसू नये. आम्ही तिघे हात जोडून उभे राहिलो. पाकळी पडेना. पाच मिनिटे गेली, दहा गेली. समईची ज्योत हलत होती, पाकळी हलत नव्हती. बाहेर कारेरीचा भोंगा ऐकू आला. शास्त्रीबुवांनी आमच्या दोघांचे हात धरले आणि आम्ही धावत सुटलो. उत्तर मागेच राहिले.

त्या पेपरातील दोन प्रश्न जांभळ्या वहीतून जसेच्या तसे उचलल्यासारखे होते. ते पाहताच आमच्या अंगातून आनंदाची जी लहर गेली तिची आज लाज वाटते, पण ती गेली हे खोटे नाही. आम्ही भराभर लिहीत सुटलो. मध्ये केव्हातरी मान वर केली तो पुढच्या रांगेत काणकोणकराची पाठ दिसली. तो लेखणीचे टोपण लावीत होता, काढीत होता, पुन्हा लावीत होता.

संध्याकाळी भटमामांनी सांगितले, तुम्ही गेल्यावर बऱ्याच वेळाने पाकळी पडली. उजवी.

शुक्रवार आणि शनिवार कसे गेले हे फारसे आठवत नाही. शनिवारी पेपर संपल्यावर आम्ही तिघांनी पणजीत एका उपाहारगृहात पातळभाजी आणि पाव खाल्ले आणि फेरीच्या धक्क्यावर जाऊन बसलो. मांडवीवर तेव्हा पूल नव्हता. बेतीची फेरी येत होती, जात होती. दोन वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता आणि करावयास काही नव्हते. काणकोणकराचा ताप उतरला होता. आता थेट मडगावची बस धरतो, म्हणाला. ट्रंक तो सकाळीच बरोबर घेऊन आला होता. निरोप घेताना त्याने आमच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा सांगून टाकावे असे एकदा मनात आले. पण तेवढ्यात बस लागली, असे आम्ही पुष्कळ दिवस स्वतःस सांगत आलो. बस त्यानंतर पंधरा मिनिटांनी लागली.

जूनमध्ये निकाल वर्तमानपत्रात आला. आमचा क्रमांक दुसऱ्या वर्गात होता, शास्त्रीबुवांचा उत्तीर्णांत. काणकोणकराचा क्रमांक आम्ही तिन्ही रकान्यांत शोधला, वरून खाली आणि खालून वर. थोरल्या बंधूंनी खाणीवर पेढे वाटले. वडिलांनी देवास अभिषेक केला. काणकोणकर एका विषयात गेला होता, आणि तो विषय कोणता हे सांगावयास नको. ऑक्टोबरची फी भरणे त्यास जमले नाही. तो मुंबईस गेला आणि एका कापडाच्या पेढीवर राहिला.

त्यानंतर तो आम्हांस भेटला तो १९७९ च्या जत्रेत, बायकोमुलांसह, अंगावर रेशमी उपरणे. पेढीवर त्याचे बरे चालले होते. आई शेवटपर्यंत त्याच्याजवळ होती, हे त्याने आपण होऊन सांगितले. पालखी येईतो आम्ही अग्रशाळेच्या त्याच खोलीच्या पायरीवर बसलो. प्रसादाची गोष्ट त्याने आपल्या मुलांस रंगवून सांगितली. मुलगा म्हणाला, पण बाबा, देवाने बस म्हणून सांगितले आणि तुम्ही तर नापास झालात! तो हसला. "देवान बसपाक सांगिल्लें. पास करतां म्हणून खंय सांगिल्लें?"

त्याही वेळी आम्ही बोललो नाही. त्याला ठाऊक होते किंवा नाही हे आम्हांस कधी कळले नाही. चटई त्या रात्री थोडी उंच दिसत असली पाहिजे. पुढे त्याच्या मुलाचे पत्र आले तेव्हा बोलण्याजोगे माणूसच उरले नव्हते. ती वही मात्र आमच्या पेटीत आहे. शाई आता जांभळी राहिलेली नाही, तपकिरी झाली आहे, आणि कसरीने कडा खाल्ल्या आहेत.

काल रात्री साडेदहाच्या सुमारास नातीचा फोन वाजला. कोणी मैत्रीण होती. आज त्यांचा शेवटून दुसरा पेपर. नात पाचसहा वाक्ये बोलली, मग उठून तिने आपली वही टेबलावरच्या दिव्याखाली पसरली आणि एकामागून एक पानांची छायाचित्रे घेऊ लागली. तीन-चार मिनिटांत साऱ्या पानांची प्रत मैत्रिणीकडे पोहोचलीही.

"ती दुयेंत आशिल्ली, आजो," आम्ही पाहत आहो हे लक्षात येऊन ती म्हणाली.

आम्ही विचारले, "आणि तिला तुझ्याहून अधिक गुण पडले तर?"

नातीने आमच्याकडे असे पाहिले, की प्रश्न कोकणीत किंवा मराठीत नसून तिसऱ्याच कोणत्या भाषेत विचारला गेला असावा. "पडूं दी. मागीर?" ती म्हणाली, आणि कानांत त्या पांढऱ्या गोळ्या घालून पुन्हा पानावर वाकली. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. रात्रीचा तिचा तो प्रहरच होता. आजीने आणून ठेवलेल्या दुधावर साय धरली होती. आम्ही पेला उचलून पुन्हा ऊन करावयास आत घेऊन गेलो.